डोळ्यांची मजुरी

शेठ, देवाचं नाव पुढे करून तुम्ही आमची मजुरी खाल्लीत. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. रस्त्यावर तुमच्या कारखान्याची पाटी आहे, ज्याला ओळखायचं तो ओळखेल. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं सगळं रद्दीतले पेपर वाचून शिकले, त्यामुळे मला गोड लिहिता येत नाही. जे झालं ते सांगते.

आषाढ होता. खालच्या पडवीत आम्ही बायका गणपती घासत बसलो होतो. साच्यातून निघालेला पांढरा गणपती मांडीवर घ्यायचा आणि पॉलिश पेपरने त्याची सोंड, पोट, बोटांच्या बेचक्या गुळगुळीत करायच्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, थुंकी पांढरी. माझ्या शेजारी चांगुणाकाकी बसायची. किती वर्षं बसत होतो ते आमच्या पाठीच्या मणक्यांना विचारा.

तुम्ही जिन्यावरून अर्धे खाली उतरलात, पूर्ण आला नाहीत.

"काकी, हात धुवून घे. उद्यापासून माडीवर बसायचं."

पडवीतले सगळे पॉलिश पेपर थांबले.

"माडीवर कशाला?" काकी म्हणाली.

"दिनकर मुंबईला गेला ना. त्याचा पाट रिकामा आहे. डोळे आखायला बस. तू फुटक्या गणपतींवर आखतेस ते मी बघितलंय. चांगलं आखतेस."

काकी तोंड उघडं टाकून बसली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ज्यांना कारखान्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली घासकाम, मधल्या खोलीत रंगकाम, माडीवर आखणी, म्हणजे डोळे काढणं. खालच्यांना हजेरी, दिवसाचे ठरलेले पैसे. माडीवर नगावर, जितक्या मूर्तींचे डोळे काढाल तितके पैसे. खालची बाई आठवडाभर घासून जे घरी नेते, त्याच्या कितीतरी पट माडीवरचा माणूस नेतो. आणि माडीवर बाई चढत नव्हती. गावातल्या दुसऱ्या कारखान्यांत बायका डोळे काढायला लागल्या होत्या, तुमच्याकडे नाही. तुमच्या आजोबांचा नियम. दुसरीकडे का गेले नाही म्हणाल, तर ते कारखाने पार खाडीच्या बाजूला. माझी पोरगी चौथीत. तिची शाळा सुटायची तेव्हा मी हाकेच्या अंतरावर असायला हवी, असं माझ्या घराने ठरवलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक कारण होतं. दिनकरचा तो पाट खिडकीजवळचा. दिनकरच्या आधी त्यावर माझा बाप बसायचा.

बाप हयातभर तुमच्या माडीवर बसला. पावसाळा संपला की घरी फुटके गणपती घेऊन यायचा आणि मला पुढ्यात बसवायचा. आधी वरची पापणी, एका श्वासात. मग बुबुळ. चमक सगळ्यात शेवटी, आणि ती दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. "चमक चुकली तर देव चकणा होतो," म्हणायचा. बाप गेल्यावर तुम्ही तो पाट माझ्या भावाला द्यायला निघाला होतात. त्या भावाला, ज्याला ब्रश धरता येत नव्हता. त्याने टेम्पो घेतला म्हणून दिनकर बसला. मला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

आणि काकीला डोळे शिकवले कुणी? मी. जेवणाच्या सुट्टीत, सोंड तुटलेला गणपती मांडीवर घेऊन. तिचा हात धरून शिकवले.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी जिन्याखाली थांबले.

"शेठ, काकीला बसवलंत. मला का नाही?"

"कुंदा, हे बघ..." तुम्ही मान खाजवलीत आणि आत बघून म्हणालात, "हिला समजाव गं." आतून वहिनी आल्या, तुमच्या बायको. तुम्ही उठून नळाकडे गेलात, पण कान इकडेच होते.

"तुला कावळा शिवतो ना अजून?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काकीची पाळी गेली. दोन वर्षं झाली. ती आता बाई राहिली नाही, देवासाठी म्हणते मी. तुझं अजून चालू आहे. कसं बसवायचं?"

"वहिनी, पाळीत मी सोंड घासते. पोट घासते. पाय घासते. ते चालतं?"

"ती माती असते."

"आणि डोळे मातीचे नसतात?"

नळावरून तुमचा आवाज आला. "डोळे काढले की तो देव होतो, कुंदा. मी नाय बनवला नियम."

"मग ते चार दिवस सोडून बसते."

"ते तुझे चार दिवस मी लक्षात ठेवत बसू काय?"

मी घरी आले. नवरा कंपनीतून येऊन चहा पीत होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग थांब की जरा. तुझीपण जाईल. घाई कसली आहे?" त्याला तो विनोद वाटला. मी त्या रात्री चपाती त्याच्यापुढे आपटली, एवढंच.

त्यानंतरचे दिवस मी जळत होते. मला दुसरा शब्द येत नाही. काकीला माडीवर पंखा होता, आम्हाला पडवीत धूळ. काकीला काचेच्या ग्लासात चहा जायचा. जिन्याखालून जाताना तिचा गुडघा धरून चढणारा पाय दिसायचा आणि मला वाटायचं, सटकावा. नुसतं वाटायचं, पण वाटायचं. तिच्या कपाळावरच्या घामाचा राग यायचा. तिच्या पांढऱ्या केसांचा राग यायचा. बायका म्हातारपणाला घाबरतात. मी चाळिशीच्या काठावर बसून एका बाईच्या म्हातारपणावर जळत होते. असं वेडं जळणं कुणाच्या नशिबी येऊ नये.

एक दिवस मुंबईची गिऱ्हाइकं आली. तयार मूर्ती बघत एक बाई म्हणाल्या, "हे डोळे बघा हो. बघत राहावंसं वाटतं." मी झाडू मारत होते. मी बघितलं. वरची पापणी एका श्वासातली, चमक दोन्हीकडे एकाच बाजूला. ते माझ्या बापाचे डोळे होते. काकीच्या हातातून बाहेर आले होते आणि शेठ, तुम्ही छाती काढून म्हणालात, "आमच्या काकींचं काम आहे."

काकी दुपारी जेवायला खाली आली. डबा उघडून माझ्या शेजारी बसली. रोज बसायची.

"वर जेव ना," मी म्हणाले. "इथे धूळ आहे. तुझ्या डब्यात जाईल."

"काय गो कुंदे, अशी काय बोलतेस?"

"मग कशी बोलू? अहो काकी म्हणू?"

"म्हण ना. तुझ्या तोंडून ऐकू तरी." ती हसली. मला तिचे दातसुद्धा आवडेनात.

"तुला शिकवलं कुणी?"

"तू."

"मग वर सांगितलंस कधी? सांगितलंस, शेठ, हिला बोलवा म्हणून?"

काकीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला. "सांगितलं असतं तर त्याने तुला बोलवलं असतं?"

"ते तू कशाला ठरवतेस? सांगायचं तुझं काम होतं."

ती उठली. डबा झाकून वर गेली. जेवली नाही त्या दिवशी. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नागपंचमीच्या आसपास घाई सुरू झाली. तुमच्या ओट्यावर मूर्ती ठेवायला जागा नव्हती. एका दुपारी मी मागच्या मोरीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर आत काकी उकिडवी बसलेली, पुढे बादली, बादलीतलं पाणी लाल. हातात धुवायचं फडकं.

ती रंगाची बादली नव्हती. मला लाल रंग ओळखता येतो, मी कारखान्यात वाढले.

काकी उठली नाही. फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं.

"दार लाव," म्हणाली.

मी आत जाऊन दार लावलं.

"दोन वर्षं झाली म्हणून सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं."

"मग हे?"

"येतं कधीतरी. कधी महिन्याला, कधी दोन महिन्यांनी. काय करू, परत पाठवू?"

"आणि तू त्या दिवसांत वर चढतेस? डोळे काढतेस?"

"काढते." ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली होती, पण मान खाली नव्हती. "कालही काढले. आज सकाळपासून बारीक गणपतींचे काढतेय. एकाचाही डोळा वाकडा झाला नाय, जाऊन बघ."

"आणि कळलं तर?"

"आता तुला कळलंय. जा, सांग जा. तुला जागा मिळेल असं वाटत असेल तर सांग."

मी बाहेर आले आणि सरळ जिना चढले. जन्मात पहिल्यांदा. बापाला डबा द्यायलासुद्धा मी खालच्या पायरीवर थांबायची. वर माडीवर ऊन होतं, पंखा होता, टर्पेंटाइनचा वास होता. निलेश आणि शंकरभाऊ आखत बसले होते. खिडकीजवळचा पाट रिकामा होता आणि त्याच्यासमोर फळीवर बारीक गणपती, काहींना डोळे, काहींना नाहीत.

तुम्ही कोपऱ्यात फोनवर होतात. मला बघून फोन खाली घेतलात.

"तू वर कशी आलीस?"

काय बोलायचं ते माझ्या जिभेवर होतं. काकीला खाली आणायला एक वाक्य पुरलं असतं. कुणी समजू नये की माझं मन मोठं झालं. मी त्या पाटाकडे बघत होते. तो रिकामा झाला असता, मला मिळाला नसता. तुम्ही कुठून तरी आणखी एक निलेश आणला असता.

"शेठ," मी म्हणाले, "माझीपण गेली."

"काय गेली?"

"जी गेल्यावर वर बसता येतं ती."

निलेश हातातला ब्रश तसाच धरून राहिला. तुमचे कान लाल झाले. तुम्ही जिन्यातून वहिनींना हाक मारलीत. वहिनी धापा टाकत आल्या, मला कोपऱ्यात नेलं.

"एवढ्या लवकर?"

"आईचीपण लवकर गेली होती."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"अंगात रक्त असेल तर येणार ना वहिनी. तुमच्या पडवीतली धूळ खाऊन राहिलंय कुठे?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण गणेशोत्सव तोंडावर होता, मूर्ती आंधळ्या उभ्या होत्या आणि डोळे काढणारा हात तुम्हाला हवा होता. वहिनींनी तुमच्याकडे बघून मान हलवली. नियम तुमच्या आजोबांचा होता, पण ऑर्डर तुमची होती.

त्याच दिवशी मी बसले. काकी परत आली तर मी तिच्या पाटाशेजारी दुसरा पाट टाकून बसलेली. तिने मला बघितलं, माझ्या हातातला ब्रश बघितला. तिला सगळं कळलं आणि तिने तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडते. हसत होती. खांदे हलत होते तिचे.

"तुझीपण?" ती हळूच म्हणाली.

"माझीपण."

"कधी?"

"आत्ताच. जिना चढताना."

आणि मी माझ्या बापाचे डोळे काढले. ते सुख मी सांगत बसत नाही. तुमच्याशी त्याचा संबंध नाही.

आठवड्याने पगार झाला. माडीवरच पगार व्हायचा, तुम्ही खुर्चीत बसून एकेकाला हाक मारायचात. निलेशला दिले, शंकरभाऊंना दिले, मग काकीला, मग मला. मी घेतले, मोजले, पुन्हा मोजले. निलेशने आणि मी जवळजवळ सारख्या मूर्ती केल्या होत्या. मी त्याच्या हातातल्या नोटा बघितल्या.

"शेठ, काहीतरी चुकलं. निलेशच्या निम्मे आहेत."

"बरोबर आहेत."

"मूर्ती तर तेवढ्याच."

"बायकांचा रेट तो आहे. काकीलाही तोच आहे, विचार तिला."

मी काकीकडे बघितलं. ती ब्रश धूत होती. खूप वेळ धूत होती.

"बायकांचा रेट म्हणजे?" मी विचारलं. "बायका इथे कधी बसल्याच नाहीत, मग रेट कधी ठरला?"

तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही तेव्हा चिडलेले नव्हता, मला आठवतं. समजावून सांगत होतात, पोराला सांगतात तसं. "हे बघ कुंदा. शंकरला घर आहे, दोन मुलं आहेत. बायको घरी असते. त्याला घर चालवायचं असतं."

"मला नाही घर?"

"तुझा नवरा कंपनीत आहे. तुझा पगार वरचा."

"आणि काकीचा नवरा कुठे आहे? ती तर विधवा आहे."

"तेच ना. तिला कोण आहे मागे? एकट्या जिवाला लागतं किती?"

"मग निलेशला कोण आहे? त्याचं तर लग्नपण नाही."

"त्याचं लग्न व्हायचंय, कुंदा. त्याला जमवायला नकोत?"

शंकरभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. निलेशने पैसे पटकन खिशात घातले, जणू कुणी काढून घेईल.

"म्हणजे पुरुषाला बायको आहे म्हणून जास्त, बायको नाही म्हणूनपण जास्त," मी म्हणाले. "बाईला नवरा आहे म्हणून कमी, नवरा मेला म्हणूनपण कमी."

"तू शब्दात पकडू नकोस. तुझी मुलगी लहान आहे, तिला ताप आला की तू दांडी मारणार. काकीचं वय झालं, उद्या तिचा हात थरथरेल. मी धंदा बघू नको?"

"ज्यांना मुलं नाहीत, ज्या म्हाताऱ्याही नाहीत अशा बायका खाली आहेत. त्यांना बसवा मग, पूर्ण रेटने."

"त्यांची पाळी चालू आहे," तुम्ही म्हणालात आणि चष्मा घातलात. तुमच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी आणि काकी बरोबर घरी निघालो. बाजार ओलांडला. मग मी तिचा दंड धरला.

"पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं."

"होतं."

"मी एवढी जळत होते तुझ्यावर. मला सांगितलं का नाहीस, की तुला निम्मेच मिळतात म्हणून?"

काकी थांबली. "सांगणार होते. त्या दिवशी डबा घेऊन सांगायलाच बसले होते. पण तू अशी बोललीस ना..." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कुंदे, माझ्यावर जन्मात कुणी जळलं नव्हतं. सासू नाय, जाऊ नाय, शेजारीण नाय. जळण्यासारखं होतंच काय माझ्याकडे? तू जळायला लागलीस तर मला वाटलं, आपल्याला काहीतरी मिळालंय. तेवढं तरी राहू दे म्हटलं."

मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. रस्त्यात लोक होते.

"त्याला सांगू या का?" मी म्हणाले. "की आपल्या दोघींची आहे अजून. त्याचे सगळे देव तसल्याच हातांमुळे बघायला लागले."

"आणि निम्मेपण घालवू? खुळी काय तू. मी मेल्यावर सांग. तेव्हा काय पैसे कापणार आहे तो माझे?"

त्या हंगामात आम्ही दोघी शेवटच्या दिवसापर्यंत बसलो, पुढच्याही हंगामात बसलो. ज्या दिवसांत पोटात कळ यायची त्या दिवसांत एकमेकींकडे बघायचो आणि ब्रश बुडवायचो. त्या मूर्ती मुंबईला गेल्या, पुण्याला गेल्या, काही विमानातून गेल्या. मोठ्या मोठ्या घरांत बसल्या. लोकांनी त्यांच्या डोळ्यांत बघून नवस बोलले, आरत्या केल्या. कुठलाही देव चकणा झाला नाही. कुणाचं वाईट झालं असतं तर तुमच्याकडे तक्रार आली असती. तुम्ही उलट पुढच्या वर्षी ऑर्डर वाढली म्हणून पेढे वाटलेत. माडीवरच्या पुरुषांना दोन दोन, आम्हाला एक एक. हेसुद्धा मी बघितलं.

तिसऱ्या वर्षी मी सोडलं. पोरगी मोठी झाली, मी खाडीच्या बाजूचा कारखाना धरला. तिथे बायका डोळे काढतात. पाळी कुणी विचारत नाही. रेट तिथेही कमी आहे, कारण मात्र सांगत नाहीत.

काकी या वर्षी गेली. मुद्दाम आधी लिहिलं नाही, तिला तसा शब्द दिला होता. आता तिचे कुणी कापू शकत नाही आणि माझे कापायला मी तुमच्याकडे नाही. म्हणून आता उघड सांगते. तुमच्या माडीवर आम्ही दोघी खोटं बोलून बसलो होतो आणि आम्हाला त्याची लाज नाही.

पण तुमचं एक सांगायचं राहिलं, शेठ. पाळी आहे म्हणून आम्हाला खाली ठेवलंत. मान्य, तुमच्या आजोबांचा नियम. मग आम्ही सांगितलं, पाळी गेली. तुम्ही विश्वास ठेवलात. तुमच्या लेखी त्या दिवसापासून आम्ही बाया राहिलो नव्हतो, तुमच्या बायकोचेच शब्द आहेत. बाई राहिली नाही तर मग बायकांचा रेट कुणाला दिलात? तुम्ही अजून आहात, कान चांगले आहेत तुमचे, जीभही आहे. कुणाला दिलात, ते सांगा.